सुयांची साक्ष

उमेदीची सारी वर्षे मनुष्याने ज्या एका वस्तूच्या सत्यवचनावर विसंबून काढली, तिच्या बळावर भाकरी मिळविली, बढत्या घेतल्या आणि हाताखालच्या चार माणसांना उपदेशही केला, त्याच वस्तूने एके दिवशी त्याला घरच्या अंगणात, कुटुंब आणि शेजारीपाजारी यांच्या समक्ष सपशेल तोंडघशी पाडावे, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर तो आला. ती वस्तू म्हणजे सुई. टाके घालण्याची नव्हे, तबकडीवर फिरणारी.

भुसावळहून नागपूरच्या अंगाने, त्या काळी ज्याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत त्या रस्त्याने, सात-आठ किलोमीटर गेले म्हणजे फेकरीच्या शिवारापलीकडे ज्या चिमण्या आभाळात घुसलेल्या दिसतात, त्या दीपनगरच्या. नावावरून परगावच्या पाहुण्याच्या मनात दीपमाळांची काहीतरी रम्य कल्पना उभी राहते. प्रत्यक्षात त्याची पहिली गाठ पडते ती राखेशी. ती वाळत घातलेल्या धोतरावर असते, पापडांवर असते, तुळशीच्या पानांवर असते, आणि वसाहतीतल्या गृहिणी तिचा उल्लेख एखाद्या आगंतुक पण कायमच्या मुक्कामाला आलेल्या नातेवाइकासारखा करतात. वीज मंडळाच्या या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे दोन संच होते, एक १९७९ साली सुरू झालेला आणि दुसरा १९८२ साली; आणि मी होतो इन्स्ट्रुमेंट विभागात, म्हणजे सुयांच्या खात्यात.

या खात्याची थोरवी बाहेरच्यांना सहसा कळत नाही. बॉयलरमधून टर्बाइनकडे धावणारी वाफ ५३५ अंशांच्या आसपास तापलेली असते, आणि मौज अशी की ती दिसत नाही. किटलीच्या तोंडाशी दिसतो तो वाफ थंडावून झालेल्या सूक्ष्म जलबिंदूंचा पुंजका. खरी तप्त वाफ हवेसारखी अदृश्य असते. मिनिटाला ३००० फेरे घेणारे टर्बाइन पोलादी कवचात झाकलेले, भट्टीतला जाळ भिंतीआड, जनित्रातला हायड्रोजन तर रंगहीन आणि गंधहीन. सारांश, ज्या राक्षसाच्या पोटात आम्ही दिवसरात्र कोळसा ओतीत होतो, तो आमच्यापैकी कोणीही आतून पाहिलेला नव्हता. तो कंट्रोल रूमच्या भिंतीवरील तबकड्यांतून जेवढा बोले तेवढाच आम्हांला ठाऊक. दर तासाला लॉगशीटवर त्याची जबानी लिहून घ्यावयाची आणि ती खरी समजून चालावयाचे.

अर्थात अंधविश्वासाने नव्हे. संच बंद पाडण्यासारखा गंभीर हुकूम एकट्या उपकरणाच्या शब्दावर सुटू नये म्हणून मोक्याच्या ठिकाणी एकाच गोष्टीवर नजर ठेवणारी तीन स्वतंत्र उपकरणे बसविलेली असत, आणि तिघांपैकी दोघांनी धोक्याची ग्वाही दिली तरच संच ट्रिप होई. एकाने आरडाओरडा केला तर त्याची रुजुवात करावयाची. दोघे ओरडले तर विचार न करता मानावयाचे. ही ‘तिघांत दोघे’ची रीत मला इतकी पटलेली होती की घरात भाजी कोणती करावी यावर मतभेद झाला तरी मी नकळत मते मोजू लागे.

अशा मनुष्याने जुनी गाडी विकत घेतली.

गाडी म्हणजे पद्मिनी. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात जी १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची गाडी वर्षानुवर्षे बनविली, तीच पुढे या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्यावर पिढ्या काढल्या आणि महाराष्ट्रातल्या डॉक्टर-वकिलांनी आपली प्रतिष्ठा तिच्या मागच्या बाकावर बसविली. बांधणी अशी की बैलगाडीच्या चाकोरीतूनही कुरकुर न करता जावी. माझ्याकडे आली तेव्हा तिचे पहिले दोन धनी होऊन गेलेले होते, आणि यापुढे मी जे काही सांगणार आहे त्याचा दोष गाडीकडे किंवा ती घडविणाऱ्यांकडे काडीचाही जात नाही. तो काही वयाकडे जातो, काही खानदेशच्या उन्हाकडे, आणि बाकीचा कोणाकडे ते यथावकाश कळेल. प्राचीन शास्त्रकारांनी स्त्रियांचे पद्मिनी, चित्रिणी, शंखिनी आणि हस्तिनी असे चार वर्ग कल्पिले आहेत. हल्लीच्या काळात ते उच्चारणेही धोक्याचे आहे. परंतु गाडीपुरते सांगतो, की घेताना ती पद्मिनी होती, राखेचे थर बसून वर्षभरात चित्रिणी झाली, हॉर्नचे बटण अडकून बाजारपेठेत आपोआप फुंकू लागली तेव्हा शंखिनी झाली, आणि ढकलावयाची वेळ आली म्हणजे चौथा वर्ग कोणता, याविषयी ढकलणारांत कधीच दुमत नसे.

तिच्या तोंडासमोरच्या फळीवर वेगाची पट्टी सोडली तर मला तीन साक्षीदार मिळाले: पेट्रोलची सुई, पाण्याच्या तपमानाची सुई आणि डायनामोचा लाल दिवा. कंट्रोल रूममध्ये शेकडो सुया सांभाळणाऱ्याला तीन म्हणजे काय, असे मनात म्हणत मी किल्ली फिरविली.

पहिल्या साक्षीदाराने पहिल्याच आठवड्यात आपला स्वभाव दाखविला. पेट्रोलची सुई निम्म्याच्या किंचित वर उभी असे, आणि टाकी भरली काय की रिकामी झाली काय, ती तेथून हलत नसे. आशावाद हा माणसात सद्गुण असेल, पेट्रोलच्या सुईत तो दुर्गुणच होय. मी तिला साक्षीच्या कामातून बरखास्त केले आणि एक जाडजूड वही घातली: तारीख, किलोमीटरचा आकडा, भरलेले पेट्रोल, लिटरला बारा किलोमीटर या दराने खर्च वजा जाता शिल्लक. वहीवर संशय आलाच तर गाडीच्या मागच्या अंगाला दोन्ही हात लावून ती हलवावयाची आणि टाकीतला डबडब आवाज ऐकावयाचा. शेजारच्या मुलांना हा प्रकार इतका आवडला की रोज सकाळी मी वही घेऊन बाहेर आलो की दोघे-तिघे आपणहून मागे जाऊन गाडी हलवीत आणि ‘काका, आहे, आहे!’ असा दाखला देत.

वैशाखात एकदा वरणगावहून परत येताना दुसराच धडा मिळाला. भुसावळच्या परिसरात वैशाखाचे ऊन ४५ अंशांच्या पलीकडे जाणे ही बातमी नव्हे. परंतु त्या दिवशी दुपारी अडीच वाजता डांबर असे पाघळले होते की टायर रस्त्यावरून सुटताना चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज येत होता. अशा वेळी, एका केळीच्या बागेजवळ, गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. तिन्ही साक्षीदार गप्प. शेवटच्या क्षणापर्यंत तपमान ठीक, दिवा विझलेला, पेट्रोल अर्थातच निम्म्याच्या वर. माझ्या शास्त्राप्रमाणे गाडी सुरूच होती. ती केवळ चालत नव्हती.

बॉनेट उघडले. आपल्याकडे रस्त्यात बॉनेट उघडणे म्हणजे जाहीर सभेची दवंडीच. क्षणापूर्वी जेथे चिटपाखरू नव्हते तेथे पाच माणसे जमली. त्यांत भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले एक फिटर होते. त्यांनी इंजिनाकडे जावयाकडे पाहावे तसे पाहून ‘वाफेचं होतं तेव्हा इंजिन होतं’ एवढेच विधान केले. वरणगावच्या आयुध निर्माणीत असलेल्या गृहस्थांनी प्लगची ठिणगी बघू म्हणून एक प्लग काढला, ठिणगी निळीशार निघाली, आणि जणू ती त्यांनीच घडविली होती अशा समाधानाने त्यांनी तो परत बसविला. तिसऱ्याने कार्बुरेटरमध्ये कचरा आहे असे सांगितले; हे निदान आपल्या देशात कधीच साफ चुकीचे ठरत नाही. एवढ्यात बागेचे मालक पाण्याची मोटर बंद करून आले, कोणाचेच बोलणे न ऐकता इंजिनाच्या कुशीला चिकटलेल्या छोट्या पेट्रोल पंपाला हात लावून त्यांनी तो झटक्यात मागे घेतला, आणि म्हणाले, ‘पंपानं हवा धरेल आहे.’

ज्या मनुष्याने उभा जन्म विहिरीवरच्या पंपाची हवा काढण्यात घालविला आहे त्याला हे कळावे, यात नवल ते कोणते? उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने पेट्रोलचे हलके घटक नळीतच उकळून त्यांची वाफ होते. पंप द्रव ओढावयास बांधलेला, वाफ त्याच्या पकडीत येत नाही. तो नुसता हवा चावीत बसतो. इंग्रजी पुस्तकांत याला मोठे भारदस्त नाव आहे, ते मी परीक्षेत लिहूनही आलो होतो. बागाईतदारांनी डोक्याचा रुमाल सोडला, पाटात बुचकळून पिळला आणि पंपावर गुंडाळला. रुमालातून वाफ निघाली. मग त्यांनी आम्हां सर्वांना केळी दिली, दहा मिनिटे पाऊस कधी यावा याविषयी मसलत झाली, आणि अकराव्या मिनिटाला गाडी सुरू झाली. रुमाल परत देऊ लागलो तर म्हणाले, ‘राहू द्या, चढावर पुन्हा धरीन.’ तेव्हापासून गाडीत पाण्याची बाटली व एक ओले फडके हे चौथे उपकरण म्हणून कायमचे तैनात झाले.

येथवरच्या गोष्टी मी हसून सांगत असे, कारण त्यांत सुयांचा दोष एवढाच की एक खोटे बोलली आणि बाकीच्या गप्प राहिल्या. पुढच्या प्रकरणात त्या बोलल्या.

पावसाळा संपल्यावर मी गाडीला रंग दिला. राखेने जुना रंग खाल्ला होता, दिवाळीला मेहुणे येणार होते, आणि मनुष्याच्या हातून ज्या चुका होतात त्यांपैकी पुष्कळशा मेहुण्यांच्या आगमनाशी निगडित असतात. रंगाऱ्याला मी बजावले, की नुसता बाहेरून नको. बॉनेटखालीसुद्धा, कानाकोपऱ्यात, बोटाला राख लागता कामा नये. त्याने हुकमाची तामिली अक्षरशः केली. दुधाच्या सायीच्या रंगाची गाडी घरी आली तेव्हा सौभाग्यवतींनी तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

आठ दिवसांनी संध्याकाळी भुसावळहून परतताना मी समोरचे दिवे लावले, आणि तपमानाची सुई, जणू कोणी पाठीत धपाटा घातला असावा तशी, उडी मारून तांबड्या रेषेपाशी गेली. मी दिवे मालविले, सुई खाली. पुन्हा लावले, वर. हॉर्न वाजविला; ती आणखी थोडी वर गेली आणि परत आली. त्याच वेळी डायनामोचा लाल दिवा, देवघरातली वात विझताना धुगधुगते तसा, मंद पेटला. सकाळी स्टार्टर ओढला तर इंजिन झोपेतून उठविलेल्या कारकुनासारखे एक गिरकी घेऊन थांबले.

आता माझ्यातला इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर जागा झाला. तीन साक्षीदारांपैकी एक बरखास्त. उरलेले दोघे एकमुखाने धोका सांगत होते. आणि दोघांच्या सांगण्याला जोडणारे कारणही डोळ्यांसमोर होते, नव्हे, पट्ट्याच्या रूपाने फिरत होते! या गाडीत एकच फॅन बेल्ट पाण्याचा पंप व पंखा फिरवितो आणि तोच डायनामोही फिरवितो. बेल्ट सैल झाला की पाणी तापणार आणि वीज कमी पडणार. दोन लक्षणे, एक रोग. इतके देखणे निदान मला नोकरीतही क्वचितच साधले होते. सौभाग्यवती ओट्यावरून म्हणाल्या, ‘अहो, रंग दिल्यापासूनच हे सुरू झालंय, नाही का?’ मी त्यांना कार्यकारणभाव आणि योगायोग यांतील भेद सविस्तर समजावून सांगितला. केंद्रात एखादा संच बिघडला तर हाताखालच्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारीत असे, की शेवटचा बदल काय केला होता. ते मला त्या क्षणी आठवले नाही, एवढेच येथे नमूद करतो.

नवा बेल्ट आणला, बसविला. सुई वरच. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकून पाहिला. तो शहाण्या मुलासारखा वेळेवर उघडला, आणि पातेले मात्र स्वयंपाकघरातून कायमचे बाद झाले. रेडिएटर धुतला. मग मी पद्धतशीर चौकशी आरंभिली: रोज संध्याकाळी क्वार्टरसमोर गाडी जागेवरच सुरू ठेवावयाची, दिवे कधी लावावयाचे, कधी मालवावयाचे, आणि दर पाच मिनिटांनी सुईची नोंद लॉगशीटवर करावयाची. एक तास, दोन तास. त्या उजेडात आणि धुरात आमच्या अंगणाला जत्रेचे स्वरूप आले.

वीज केंद्राच्या वसाहतीत गाडी बिघडणे आणि इतरत्र बिघडणे यांत फार अंतर आहे. इतरत्र सल्ला अडाणी असतो. आमच्याकडे तो खातेनिहाय असे. बॉयलर विभागाचे गृहस्थ आले, त्यांनी रेडिएटरवर बोट वाजविले आणि नळ्यांत क्षाराची पुटे चढली असल्याचे जाहीर केले. त्याची शहानिशा करण्यासाठी रसायन प्रयोगशाळेतील तरुणाने रेडिएटरचे पाणी बाटलीत भरून नेले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या काठिण्याचा अहवाल तीन प्रतींत आणून दिला. टर्बाइनवाल्यांनी लांब पेचकसाचे टोक इंजिनाला व मूठ कानाला लावून बराच वेळ डोळे मिटून ऐकले. आम्ही सारे श्वास रोखून उभे होतो. शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, ‘बेअरिंग उत्तम आहे.’ कोणते, हे त्यांनी सांगितले नाही. विद्युत विभागाने बॅटरीवर ठपका ठेवला, तेव्हा बॅटरीही बदलली. दोन दिवस स्टार्टर जोमाने फिरला, तिसऱ्या दिवशी पुन्हा कारकून. लेखा विभागाचे एक अधिकारी रोज येत, काही न बोलता पाहत उभे राहत, आणि जाताना एवढेच विचारीत, ‘आतापर्यंत किती झाले?’ त्यांचा तो प्रश्न मला फार असह्य होई.

एका सकाळी थंडी होती म्हणून मी चोक ओढून स्टार्टर मारला. इंजिन गुरगुरले, थांबले, पुन्हा मारला, आणि चोकची घुंडी आत ढकलावयास गेलो तर तिची तार चुलीतल्या सांडशीसारखी तापलेली. बोटाला चटका बसला, जळक्या रबराचा वास सुटला. चोक ही केवळ कार्बुरेटरपर्यंत गेलेली एक तार. तिला ना विजेशी कर्तव्य ना पाण्याशी. ती तापावी हे माझ्या कोणत्याच उपपत्तीत बसेना. मी हात टेकले, म्हणजे जो भाजला नव्हता तो, आणि रविवारी सौभाग्यवतींची बाजारहाट व माझी शरणागती असे दोन्ही एकाच फेरीत उरकावे म्हणून भुसावळच्या एका मिस्तरींकडे गेलो.

त्यांचे गॅरेज म्हणजे एक कडुनिंब, त्याखाली एक पत्र्याचे छप्पर आणि छपरापेक्षा झाडाखालीच अधिक चालणारे काम. मिस्तरी एका ट्रकच्या पोटाखाली होते. त्यांचे फक्त पाय आमच्याशी बोलत होते. मी लॉगशीटचा गठ्ठा, पाण्याचा अहवाल आणि प्रकरणाची संपूर्ण कैफियत तयार ठेवली होती. ते बाहेर आले, हात पुसले, माझे ऐकून घेतले, निदान तसा चेहरा केला, आणि कागदांना हात न लावता रेडिएटरच्या माथ्यावर तळवा ठेवला. ठेवला तो ठेवलाच. सुई तांबड्या रेषेवर नाचत असताना तो मनुष्य तळवा काढीना!

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘सुई तापेल आहे, इंजिन नही.’

दोन महिन्यांत आम्हां पाच-सहा पदवीधरांपैकी कोणीही रेडिएटरला हात लावून पाहिला नव्हता. बॉयलरवाल्यांनी बोट वाजविले होते, परंतु ते इंजिन बंद असताना, आणि आवाजासाठी.

मग त्यांनी हातभर लांबीची जाड तार घेतली, एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला धरले आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला टेकविले. चट् करून बारीक ठिणगी उडाली, समोरचे दिवे एकदम पांढरे झाले, लाल दिवा विझला, आणि तपमानाची सुई, साहेब आल्यावर पट्टेवाला बिडी विझवून उभा राहतो तशी, गुपचूप आपल्या जागी येऊन बसली. तार काढली; सुई वर. लावली, खाली. मिस्तरींनी माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाले,

‘साहेब, तुमच्या गाडीले अर्थच नही.’

क्षणभर मला वाटले की हा मनुष्य तत्त्वज्ञान सांगतो आहे, आणि गेल्या दोन महिन्यांचा खर्च, बदललेले सुटे भाग, बाद झालेले पातेले व घरातील मनःशांती यांचा विचार करता ते मला पटलेही. मग ध्यानात आले, की ते अर्थिंगविषयी बोलत होते.

मोटारीत वीज तारेने जाते पण तारेने परत येत नाही. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्राच. इंजिन मात्र रबराच्या पायांवर बसविलेले असते, म्हणून त्याला पत्र्याशी जोडणारी एक विणलेली, चपटी, तांब्याची पट्टी लागते. स्टार्टर आणि डायनामो यांचा सारा व्यवहार त्या पट्टीवरून चालतो. ती रुसली की विजेला घरी परतावयास वाट उरत नाही, आणि मग ती सापडेल त्या आडवाटेने जाते. चोकच्या तारेतून गेली म्हणून ती तार तापली. दिवे लावले की डायनामोवर भार चढे, इंजिन आणि पत्रा यांच्या विद्युत्पातळीत तफावत पडे, आणि बिचारी सुई ती तफावतच उष्णता म्हणून वाचून दाखवी. ती खोटे बोलत नव्हती. तिला विचारले एक जात होते आणि ती उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे देत होती. माझे दोन स्वतंत्र साक्षीदार स्वतंत्र नव्हतेच. दोघेही एकाच नासक्या विहिरीचे पाणी प्यालेले होते. केंद्रात अशा तीन उपकरणांना एकाच तारेवरून वीज देणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला मी एकदा अर्धा तास फैलावर घेतले होते.

मिस्तरींनी पाना लावून पट्टीचा बोल्ट सोडविला. पट्टी धडधाकट होती. परंतु तिच्या खाली, जेथे कोरा पत्रा असावयास हवा तेथे, दुधाच्या सायीच्या रंगाचा, तुकतुकीत, दुहेरी हाताचा, मेहुण्यांनीही वाखाणावा असा रंग होता. रंगाऱ्याने बोल्ट काढून, आत रंग देऊन, वाळवून, पुन्हा बोल्ट आवळला होता. बोटाला राख लागता कामा नये, असा हुकूमच होता. सौभाग्यवती पिशव्या सांभाळीत मागेच उभ्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्यात माझ्या कार्यकारणभावावरील व्याख्यानाची शब्दशः पुनरावृत्ती मला ऐकू आली.

पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा चकचकीत करून बोल्ट आवळला गेला. काम दहा मिनिटांचे. ‘बाकीचे अर्थही पाहून घेतो,’ असे म्हणत ते गाडीच्या मागे गेले, थोडी खुडबुड केली, परत आले आणि पाच रुपये मागितले. मी दहा दिले; त्यांनी पाच परत केले आणि चहा मागविला.

परतताना सूर्य मावळला होता. मी दिवे लावले. सुई जागची हलली नाही. मी हॉर्न वाजविला, वायपर फिरविले, पुन्हा दिवे मालवून लावले, सुई ढिम्म. तिच्याकडे पाहण्यात मी इतका रंगलो होतो, की सौभाग्यवतींनी दुसऱ्या तबकडीकडे बोट दाखवून ‘ही अगदी खाली गेलीय हो’ असे म्हटले तेव्हा मी नुसता हसलो. पेट्रोलची सुई प्रथमच निम्म्यावरून उतरून तळाशी टेकली होती. ‘तिचं मनावर घ्यायचं नसतं,’ मी म्हणालो, आणि कालच मांडलेला हिशेब सांगितला: वहीप्रमाणे टाकीत चौदा लिटर शिल्लक.

फेकरीच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले. ओले फडके पंपावर घातले. हिवाळ्याच्या रात्री त्याला वाफही आली नाही. दूरवर चिमण्यांच्या माथ्यांवरचे तांबडे दिवे दिसत होते. पंधरा मिनिटांनी शिफ्टची बस आली, आमची गाडी ओळखून थांबली, आणि तीतून सारी खाती उतरली. बॉयलर विभागाने पुटांचा विषय पुन्हा काढला. टर्बाइनवाले पेचकस शोधू लागले. विद्युत विभागाने मागितलेल्या बॅटरीच्या पावतीवरून मी काहीतरी बोलत असता लेखा विभागाचे ते अधिकारी मुकाट्याने गाडीच्या मागे गेले, टाकीचे झाकण काढून त्यांनी आत कान लावला, आणि दोन्ही हातांनी गाडी हलवून पाहिली.

‘पेट्रोल नाही,’ ते म्हणाले.

‘अशक्य,’ मी म्हणालो. ‘वहीत चौदा लिटर आहेत.’

‘वहीत किलोमीटर धरलेत,’ ते म्हणाले. ‘दोन महिने रोज संध्याकाळी दोन तास गाडी अंगणात जागेवर चालत होती, ते कुठे धरलं आहे?’

मिस्तरींनी मागे जाऊन टाकीचा अर्थही साफ केला होता, हे मला तेव्हा उमगले. सौभाग्यवती पिशव्या घेऊन बसमध्ये जाऊन बसल्या. खिडकीतून त्यांनी एवढेच विचारले, की भाकरी गरम ठेवू की झाकून ठेवू. मग बॉयलर, टर्बाइन, रसायन आणि विद्युत अशी चारही खाती मागे लागली, मी सुकाणूवर बसलो, आणि लेखा अधिकारी बाजूने चालत, न राहवून पुन्हा एकदा म्हणाले, ‘तरी आतापर्यंत किती झाले?’